रिकामी धर्मशाळा

थंडी वाढली तशी गल्लीतली काबरी मांजर भय्यासाहेबांच्या गाडीत, बोनेटखाली इंजिनाच्या उबेला झोपू लागली. माणसाचा हात काही ती लावून घेत नसे. म्हणून वरच्या मजल्यावरची निहारिका शाळेत जाताना रोज बोनेटवर थापा मारायची, की मांजर खालून धूम पळायची.

"ती काय आतून 'कौन है' विचारणार आहे?" भय्यासाहेब चिडवायचे.

"नाही काका, पळणार आहे. तुम्ही चावी फिरवायच्या आत."

तिने थर्माकोलच्या खोक्याला भोक पाडलं, आत सुकं गवत भरलं आणि ते जिन्याखाली ठेवलं. मांजर ढुंकूनही बघेना. "अख्ख्या उज्जैनमध्ये हीच एक धर्मशाळा खाली आहे," असं भय्यासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

मग शीतलहरीमुळे शाळेला सुट्टी लागली आणि निहारिका साफ झोपून राहिली. जाग आली ती खाली गाडीचं दार आपटल्याच्या आवाजाने. ती अनवाणीच जिना उतरत धावली.

भय्यासाहेब बोनेटवर थापा मारत होते. "उठा बाईसाहेब, मला टावर चौकात जायचंय." परत थापा. कुणीच बाहेर आलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. "निहू, निघत नाहीये गं. काही झालं तर नसेल ना तिला?"

तेवढ्यात जिन्याखालच्या भोकातून आधी दोन कान आले, मग एक लांबलचक जांभई.

निहारिकाने कमरेवर हात ठेवले. "काका, सगळ्यांना सांगून या. धर्मशाळा फुल्ल आहे."