मागच्या बाजूची घरघर

"न्यूट्रल करतेय, घाबरू नका," लेक म्हणाली आणि उतारावर वेगात असलेल्या गाडीचा गिअर तिने काढला.

इंजिनाचा आवाज खाली बसला. घरघर मात्र पायाखालून येतच राहिली.

"म्हणजे इंजिन नाही. गिअरबॉक्सही नसावा." रस्ता मोकळा बघून तिने स्टिअरिंग डावी-उजवीकडे झुलवलं. आवाजात काडीचा फरक पडला नाही. "म्हणजे चाकांची बेअरिंगंही नाहीत. पुढच्या चाकांची ताकद जोडून, तोडून मघाशीच पाहिलं. दुखणं मागे आहे."

शेजारच्या सीटवर जनावरांच्या डॉक्टरबाई हँडल घट्ट धरून बसल्या होत्या. ही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह त्या विकत घेताहेत, असं लेकीला सकाळी कळलं होतं. डोंगरातल्या गोठ्यांपर्यंत बाई एकट्या जायच्या. तिथे गाडीने दगा दिला तर हाक मारायला माणूस नाही.

मागच्या सीटवर उस्ताद, म्हणजे तिचे बाबा, डोळे मिटून बसले होते.

उस्तादांच्या गॅरेजात एक रीत होती. काम कोणीही करो, गाडी फाटकाबाहेर पडायची ती उस्तादांनी 'जा' म्हटल्यावरच. तो शब्द त्यांनी आजवर कोणाला उसना दिला नव्हता. मागच्या महिन्यात लेक टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी एकट्याने गॅरेज ओढलं, पण बाहेरचा मिस्त्री उंबऱ्यात येऊ दिला नाही. लेकीचा त्या शब्दावर कधीपासूनचा डोळा होता. आणि आज सकाळी ते आपणहून म्हणाले होते, "ह्या गाडीचं निदान तुझं. मी तोंड घालणार नाही. बरोबर निघालं तर 'जा' म्हणायचा मान तुझा."

परत येऊन तिने गाडी गॅरेजातल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरली.

"बाबा, एकोणीसचा पाना द्या."

उस्तादांनी सतराचा दिला.

"परीक्षा घेताय होय?" ती हसली आणि हात लांबवून तिने एकोणीसचा स्वतःच उचलला.

"घ्यायला नको?" उस्ताद म्हणाले.

थोड्या वेळाने खालून तिचा आवाज आला, "सापडलं. डॉक्टर, जरा वाकून बघता? मागच्या चाकांना ताकद नेणारा हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. दोन्हींवर बाण कोरलेत. बसवताना ते समोरासमोर यायला हवेत. इथे जोडाचे दोन दात चुकलेत. म्हणून शाफ्ट फिरताना अंग झटकतो, त्याचीच घरघर."

डॉक्टरबाईंनी वाकून पाहिलं. उस्ताद उभेच राहिले. "फक्त तेवढंच?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच. पण असंच चालवलं असतं तर जॉइंटची वाट लागली असती, आणि तीही डोंगरात."

तिने शाफ्ट सोडवला, बाण जुळवले, पुन्हा कसला आणि तिघं त्याच उतारावर गेली. या वेळी गाडी अशी गेली की डॉक्टरबाईंनी हँडल सोडून दिलं. लेकीने आरशातून मागे पाहिलं. उस्तादांचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

गॅरेजात उतरल्यावर ते म्हणाले, "ज्याने हा शाफ्ट बसवला, त्याच्याबद्दल तुझं काय मत?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग. उगाच मीठमसाला नको, आणि साखरही नको."

"बाण डोळ्यांसमोर असतात, बाबा. त्या माणसाला एकतर दिसत नाही, नाहीतर फिकीर नाही. त्याने आता पाना खाली ठेवावा. एखाद्याचा जीव जाईल."

"ठेवावा ना?"

"ठेवावाच."

उस्तादांनी मान डोलावली. "शाब्बास. माझ्या तोंडावर कोणी इतकं सरळ बोललेलं मला आठवत नाही. आजपासून 'जा' तू म्हणायचं, सगळ्याच गाड्यांना." मग ते शीळ घालत हात धुवायला गेले.

लेकीचा आनंद गगनात मावत नव्हता. तिने चावी डॉक्टरबाईंच्या हातात दिली, खाकरून घसा साफ केला आणि पहिल्यांदाच तो शब्द उच्चारला. "जा. खुशाल विकत घ्या. फक्त त्या आधीच्या मिस्त्रीकडे पुन्हा नेऊ नका."

डॉक्टरबाई चावीकडे बघत राहिल्या.

"गाडी माझीच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही आजारी होतात तेव्हा इथेच दुरुस्तीला टाकली होती. घरघर लागली म्हणून परत आणली, तर उस्ताद म्हणाले, माझी पोर बघेल, पण शाफ्ट मी बसवलाय हे तिला कळू देऊ नका, नाहीतर ती खरं बोलायची नाही."