गिअरशेजारची खाच

गॅरेजमध्ये उभ्या काकूंच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’वरच अडकला होता. ब्रेक कितीही दाबला तरी गिअरचा दांडा जागचा हलत नव्हता.

"सरबत सांडलंय आत," मिस्त्री नाक मुरडत म्हणाला. लोकांनी गाडीत खाऊन-सांडून ठेवायचं आणि निस्तरायचं आपण, याचा त्याला भारी तिटकारा होता.

असा गिअर अडला की दांड्याशेजारच्या छोट्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबून तो सोडवतात. मिस्त्रीनं खाचेवरचं झाकण उचकटलं आणि स्क्रूड्रायव्हर खुपसला. आत काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढला, तर टोकाला कोमट लाळेची तार. वर नासक्या दुधाचा भपकारा.

"लोखंड नको हो, टोचतं," मागच्या सीटवरून काकू मायेनं म्हणाल्या. "आमचे हे बोटच घालायचे."

"शी! काय घाण पाळलीय आत?"

ही ब्याद एकदाची गॅरेजबाहेर जावी, म्हणून मिस्त्रीनं तोंड फिरवून खाचेत बोट घातलं.

गिळगिळीत हिरड्यांनी ते हळूच धरलं आणि चुटूचुटू चोखायला सुरुवात केली.

खट् आवाज झाला. दुसऱ्या हातातला दांडा अलगद मागे आला. गिअर सुटला, बोट मात्र सुटेना.

"ओढू नका हो," काकू कौतुकानं म्हणाल्या. "दात येताहेत त्याला."