बॉनेटवरची पट्टी

"रोजचं किती धावणं?" मेकॅनिकने तिला विचारलं आणि साहेबांनी तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "वीस. तेही कसंबसं."

गाडी तिची. नावावर तिच्या, हप्ते फेडले तिने, आणि उत्तर साहेबांचं. पंचवीस वर्षं घरात असंच चाललं होतं. मेकॅनिकने चिकटपट्टीचा एक तुकडा बॉनेटवर चिकटवला आणि जाड पेनाने त्यावर लिहिलं : साहेब २०.

साहेब म्हणजे तिचा नवरा. विमा कंपनीत अपघातांची चौकशी करायचे. चेपलेला दरवाजा बघून गाडी किती वेगात होती आणि मालक किती खोटं बोलतोय ते सांगायचे, आणि जेवताना तेच पुन्हा सगळं तिला ऐकवायचे. असा हा हुशार माणूस.

गाडीची बॅटरी म्हातारी झाली होती. हल्ली घरून कामावर आणि कामावरून घरी, एवढ्यातच धापा टाकायची. वर्कशॉपमध्ये दोन बॅटऱ्या होत्या. एक नवी कोरी, एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटर जाणारी. दुसरी दुरुस्त केलेली, म्हणजे दोन-तीन जुन्या गाड्यांमधले बरे सेल तपासून एका पेटीत बसवलेले. ती शंभर किलोमीटर जायची आणि बरीच स्वस्त होती. मेकॅनिक दोन्हींचं बरंवाईट नीट सांगत होता, तर साहेबांनी अर्ध्यातच हात वर केला. हिला काय करायचीय नवी, म्हणाले. कामावर जाते, परत येते, वाटेत भाजी घेते. बायकांच्या गाडीला जुनी खपून जाते. आणि स्वतःच्याच विनोदावर दात काढून हसले.

ती कवळ्या करायची. लोकांच्या जबड्यांचे ठसे समोर ठेवून दिवसभर दात घडवायचे, हेच काम. त्यामुळे कोणी हसलं की तिचं लक्ष आधी दातांकडे जायचं. साहेबांचे दात चांगले होते. माणसात चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिला नवी हवी होती. दोनशे ऐंशी किलोमीटरवरच्या एका शहरात तिच्या मैत्रिणीने कवळ्यांची लॅब काढली होती. येऊन बघ तरी, माझ्याबरोबर काम कर, म्हणून ती चारदा मागे लागली होती. घरी तिने दोनदा विषय काढला. पहिल्यांदा साहेब बातम्या बघत होते, दुसऱ्यांदा घोरत होते. आता इथे परक्या माणसासमोर कुठे वाद घालायचा? दुरुस्त केलेलीच घ्यायची, हे जवळजवळ ठरलं.

पण मेकॅनिकची एक रीत होती. बॅटरी कुठलीही घ्या, आधी गाडीला विचारायचं. घरचे एक सांगतात आणि गाडी भलतंच सांगते, हा त्याचा अनुभव. त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली, हातातल्या पडद्यावर आकडे आले. त्याने पट्टीवर साहेबांच्या खाली लिहिलं : गाडी ११२.

साहेबांनी आधी मशीनला नावं ठेवली, मग मेकॅनिकला. नवी बॅटरी गळ्यात मारायची ही युक्ती, असले पन्नास बघितलेत, वगैरे. मेकॅनिकने पडदाच त्यांच्यापुढे धरला. रोज एकशेबारा, सलग दोन वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही. गाडी पहाटे साडेचारला निघायची आणि साडेसातच्या आत घरी यायची. मग कामाचे वीस. चौदा मार्चला पहाटेचं धावणं एकदम थांबलं होतं.

आता साहेबांमधला चौकशी करणारा जागा झाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं.

"पहाटे साडेचारला कुठे जात होतीस?"

त्या प्रश्नामागे काय होतं ते तिला कळलं, आणि तिला किळस आली.

"आईकडे," ती म्हणाली.

पुढचं तिने मेकॅनिककडे बघून सांगितलं. शेचाळीस किलोमीटर जायचं, शेचाळीस यायचं. आईला अंघोळ घालायची, भरवायचं, सांभाळणारी बाई आली की परत फिरायचं. निघताना रोज खोलीच्या दारातून "जाऊन येते" म्हणायचं. त्यावर साहेब कुशीवर वळून म्हणायचे, दार हळू लाव. चौदा मार्चला आई गेली. अंत्यविधीला साहेबही आले होते. कुठल्याशा मीटिंगसाठी अर्ध्यातून निघून गेले.

साहेब पट्टीकडे बघत राहिले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. हा माणूस आता काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. नुसतं "अगं" म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं. इतक्या वर्षांनंतरही असं वाटलं, याचा तिला मागाहून स्वतःचाच राग आला.

"म्हणजे मार्चपासून वीसच ना?" साहेब म्हणाले. चेहरा अगदी खुलला होता. "मग मी दुसरं काय सांगत होतो?"

त्यांनी दुरुस्त केलेली बसवायला सांगितलं आणि किल्लीसाठी तिच्यापुढे हात केला. तिने तो हात बघितला आणि किल्ली मेकॅनिकच्या हातात दिली.

"नवी बसवा. पूर्ण चार्जवर किती जाईल, तेही लिहा पट्टीवर."

मेकॅनिकने पेनाचं टोपण काढलं. "तीनशे, ताई. पण जाऊन-येऊन म्हणाल तर दीडशेच लिहितो."

"येण्याचं धरू नका," ती म्हणाली.