दोन दारं, एक कायदा

“बाई, फ्रीझर नेलात तो कुठल्या दारानं?” दुदारीशेठनी अगदी मायेनं विचारलं.

आइस्क्रीमवालीनं पूर्वेच्या दाराकडे बोट दाखवलं.

“मग संपलंच की! ते दार शेजारच्या राज्यात उघडतं. तिथल्या कायद्यात जुना माल घेणाऱ्याच्या जबाबदारीवर. या पश्चिमेच्या दारानं नेला असता तर मी बांधील होतो. तुम्ही दार चुकलात.”

ऐन उन्हाळ्यात फ्रीझर एका दिवसात बंद पडला होता आणि बाईंच्या सगळ्या आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. त्या आल्या तशा निघून गेल्या.

खरं तर दार निवडायचा अधिकार गिऱ्हाइकाला नव्हताच. शेठचं जुन्या फ्रीज-फ्रीझरचं दुकान बरोबर दोन राज्यांच्या सीमेवर होतं. फरशीवर मधोमध पिवळा पट्टा मारलेला. हमालांना कायमची ताकीद होती, विकलेला माल पूर्वेच्या दारानं बाहेर काढायचा. विकत घेतलेला माल मात्र पश्चिमेच्या दारानं आत यायचा, कारण त्या राज्यात कायदा घेणाऱ्याची बाजू घेई. बाकीचे दुकानदार भांडवल, गुणवत्ता, सचोटी असल्या किरकोळ गोष्टींवर धंदा करत. शेठ सीमेवर करत. म्हणून तर लोक त्यांना दुदारीशेठ म्हणत. इतक्या वर्षांत एक फिर्याद झाली नव्हती, हे ते छाती फुगवून सांगत.

आणि मग सगळ्या राज्यांना एकदम अक्कल आली. खरेदी-विक्रीचा कायदा सगळीकडे एकसारखा करायचं ठरलं. सीमेपलीकडे माल पाठवताना वकिलाचा वेगळा खर्च नको, म्हणून व्यापारी खूश झाले. शेठ तेवढे खूश झाले नाहीत. त्यांनी वकील भाच्याला बोलावून घेतलं.

“मामा, सोपं आहे,” भाचा म्हणाला. “दुकानदारानं वस्तू विकली म्हणजे ती आपलं काम करील, अशी हमी त्यानं दिलीच असं धरायचं. दार कुठलंही असो.”

“मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही तरी?”

“तरीही.”

शेठ हादरले. मोक्याच्या वेळी गप्प बसायची त्यांनी उभा जन्म तपश्चर्या केली होती. ती अशी पाण्यात जावी?

“पळवाट असेल ना रे एखादी?”

“आहे ना. ‘जसं आहे तसं, हमी नाही’ असं आधीच सांगायचं. ढळढळीत दिसेल असं. फ्रीजच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात नाही. आणि तुम्हाला माहीत असलेला बिघाड लपवलात, तर ती पाटीही वाचवणार नाही.”

“म्हणजे खरं बोलायचं?” शेठनी दचकून विचारलं.

“एवढी एकच पळवाट उरली आहे, मामा.”

शेठ चिठ्ठ्या लिहायला बसले. एकेक ओळ म्हणजे दाढ उपटल्यासारखी. ‘मोटार अधूनमधून रुसते.’ ‘दार लागतं, पण गुडघा मारावा लागतो.’ कोपऱ्यातल्या एका फ्रीजसमोर ते बराच वेळ थांबले आणि शेवटी लिहिलं, ‘याचं काही खरं नाही.’ चिठ्ठ्या चिकटवून ते गल्ल्यावर बसले आणि दिवाळखोरीची वाट बघू लागले.

दिवाळखोरी काही आली नाही. गिऱ्हाइकं आली. चिठ्ठ्या वाचून हसली, भाव पाडून घेतला आणि माल घेऊन गेली. ‘याचं काही खरं नाही’ एका शिंप्यानं नेला, कापडाचे तागे ठेवायला. तक्रार घेऊन कुणी परत येईना. तक्रारीत सांगायचं ते सगळं शेठनीच आधी लिहून ठेवलं होतं. माणूस प्रामाणिक आहे हो, असं लोक बोलू लागले. शेठनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, पाठीमागे दुसरंच कुणी उभं आहे.

अशात एक दिवस आइस्क्रीमवाली दारात उभी राहिली.

“बाई, आधीच सांगतो,” शेठ घाईघाईनं म्हणाले. “तो व्यवहार जुना. नवा कायदा मागच्या व्यवहाराला लागत नाही.”

“भांडायला कुठं आलेय? आणखी एक फ्रीझर हवाय. धंदा वाढलाय.”

“पण पहिला तर बंद पडला होता?”

“तो त्याच दिवशी संध्याकाळी चालू झाला की! तुमच्या घरून वहिनी आल्या होत्या, मेकॅनिकला घेऊन. वितळलेल्या मालाची भरपाईसुद्धा दिली. म्हणाल्या, आमच्या दुकानाची रीतच आहे ही, फक्त आमच्या यांना गाजावाजा आवडत नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “आमच्या गल्लीत तुमचा माल घेतलेल्या सगळ्यांकडे आल्यात त्या. नाहीतर तुमच्यावर फिर्यादी कमी झाल्या असत्या का, शेठ?”

शेठनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“किती वर्षं चाललंय हे?” त्यांनी विचारलं.

काय चाललंय, असं तिनं विचारलं नाही. “तुम्ही भिंत फोडून ते दुसरं दार काढलंत ना, तेव्हापासून.”

“आणि पैसे?”

“घरखर्चाला म्हणून मागायचे. तुम्ही मला उधळी म्हणायचात आणि द्यायचात.” तिनं शेठच्या सदऱ्याची घडी घातली आणि बाकीच्या कपड्यांवर ठेवली. “या महिन्यापासून निम्मे दिलेत तरी चालतील. आता कायदा आलाय.”