हुबेहूब

जाहिरात होती ‘थोरामोठ्यांचा मान राखा’ असं सांगणारी, आणि तिच्यासाठी एक आजी हवी होती. रंगभूषा करणाऱ्या मावशींची सत्तरी उलटलेली. त्यांनी भीतभीतच विचारलं, "साहेब, आजी म्हणून मीच उभी राहिले तर?"

दिग्दर्शक हसला. "राग मानू नका मावशी, पण खरी म्हातारी पडद्यावर फारच म्हातारी दिसते हो!"

मग पंचविशीतली एक नटी आली. मावशींनी तिला आरशासमोर बसवलं. त्याच आरशात शेजारी त्यांचा स्वतःचा चेहरा होता. त्याच्याकडे बघत बघत त्यांनी एकेक सुरकुती तिच्या गालांवर उतरवली. देवाने सत्तर वर्षं खपून केलेलं काम मावशींनी तीन तासांत केलं, तेही उभ्याने.

पोरीने आरशात पाहिलं आणि ती दचकलीच. "ईऽऽ! मावशी, हे निघेल ना?"

"तुझं निघेल गं, बाळा."

काम मात्र असं हुबेहूब झालं होतं, की ती बाहेर येताच सगळ्यांची भाषाच बदलली. "आजी, जपून हं, पायरी आहे!" "अरे, आजींना पाणी द्या कुणीतरी!" मावशींचे गुडघे तोवर पार भरून आले होते. कोपऱ्यात एकुलती एक खुर्ची रिकामी दिसली, तशा त्या "देवा रे" म्हणत टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

दिग्दर्शकाने त्यांच्या खांद्याला हात लावून हलवलं.

"मावशी, उठा बरं पटकन. आजींना बसू द्या."