टाचणीच्या पलीकडे

लंकाबाईची एक सही मिळाली, की श्रीरामपुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सलग सात गाळे कल्याणचे होणार होते. सहा त्याने आधीच घेतले होते. सातवा, नेमका मधला, लंकाबाईच्या चित्रकथांच्या दुकानाचा. तो नसेल तर कल्याणच्या नव्या मोबाईल-टीव्हीच्या शोरूमचे दोन तुकडे पडणार, आणि टीव्ही बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला फोन बघायचा तर पुन्हा रस्त्यावर उतरावं लागणार.

सौदा साधा होता. लंकाबाई म्हणाली होती, "दिवस तू निवड. त्या दिवशी दिवे लागायच्या आत एकबी पुस्तक इकून बोहनी न्हाई झाली, तर शटर वढते आन सही करते. झाली, तर पुन्ना हा इषय काढायचा न्हाई."

बाजूच्या चहावाल्या आदिनाथला साक्षीला कल्याणनेच उभं केलं होतं. बाई शब्द फिरवतील म्हणून.

दिवसही त्याने हिशेबाने निवडला. सगळ्या शाळांची सहामाही चालू, बाजार बंद. सकाळी येऊन त्याने आपली मोठी गाडी दुकानाच्या पायरीला अशी चिकटवून लावली, की रस्त्यावरून पाटीसुद्धा दिसू नये. मग स्वतः आत येऊन बाकावर बसला. न जाणो, बाई आदिनाथच्याच हातात दहाची नोट देऊन त्याला गिऱ्हाईक करायची.

"लई पक्का हायेस," लंकाबाई म्हणाली.

"धंदा आहे मावशी."

"बस की. बाकावर बसायला कुनाला ना न्हाई."

ते खरंच होतं. या बाकावर बसून कोणीही कुठलंही पुस्तक फुकट वाचावं. फक्त प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या चार पानांना लंकाबाई टाचणी मारून ठेवायची. टाचणीच्या अलीकडचं फुकट, पलीकडचं विकत. अर्ध्या तालुक्याचं बालपण त्या टाचणीला अडकून पडलं होतं.

दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. आदिनाथ चहा घेऊन यायचा, लंकाबाईकडे बघायचा, आणि मान हलवून जायचा. तीही उठून फडक्याने पुस्तकं पुसायची आणि पुन्हा बसायची. तिसऱ्यांदा उठली, तेव्हा तिने एकेक पुस्तक दोन्ही बाजूंनी पुसलं. निरोप द्यायचा असला की हात असाच रेंगाळतो.

एवढ्यात लाईट गेली. थोड्या वेळाने कल्याणचा फोनही मान टाकून गप्प झाला.

पंखा नाही, फोन नाही. कल्याणने एकदा शटरकडे पाहिलं, एकदा छताकडे. शेजारी बाकावर पुसलेली पुस्तकं रचलेली होती. सगळ्यांत वर 'बिजलीराव आणि सातवी विहीर'. लहानपणी कल्याणने टाचणीपर्यंतच वाचलेलं तेच पुस्तक नेमकं वर कसं आलं, हे लंकाबाईला विचारण्यात अर्थ नव्हता.

त्याने सहज उघडलं. मग पाय वर घेतले. मग मांडीच घातली. चौथीतला कल्याण बसायचा तशीच.

टाचणीपाशी येऊन तो थांबला. बिजलीराव सातव्या विहिरीत लोंबकळतोय, वर दरोडेखोरांचा सरदार करवतीने दोर कापतोय, दोराचा शेवटचा पीळ राहिलाय.

"मावशी, टाचणी काढा."

"सहा रुपये. छापील किंमत."

"काढा तर! देतो ना."

"बोहनीला उधारी न्हाई."

त्याने फोन काढला. तो मेलेला. पाकिटात सगळ्या पाचशेच्या.

"मोड न्हाई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कल्याण, इचार कर बरं."

"सहा रुपयांत कसला विचार करायचा?"

तो तसाच अनवाणी गाडीपर्यंत गेला, टोलसाठी सुटे पैसे ठेवायचा तो कप्पा उचकला, आणि दहाचं नाणं आणून तिच्या तळहातावर ठेवलं. लंकाबाईने ते कपाळाला लावून गल्ल्यात टाकलं. चार रुपये परत दिले. टाचणी काढली.

कल्याणने उभ्या उभ्याच पान उलटलं. दोर तुटला. बिजलीराव खाली पडला. आणि पडून उभा राहिला. विहिरीत पाणी गुडघाभरच होतं.

कल्याण इतक्या मोठ्यानं हसला, की आदिनाथ पळत आला.

"गुडघाभर!" कल्याणने त्याला चित्र दाखवलं. "आणि मी कितीदा स्वप्नात बुडालो!"

आदिनाथने आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग बाजूला पडलेल्या टाचणीकडे, मग गल्ल्याकडे. "शेठ," तो हळूच म्हणाला, "ही बोहनी झाली का वो?"

कल्याणचं हसू ओठांवरच राहिलं.

"मी धरत नाही. मी काय गिऱ्हाईक आहे का?"

"पैसं दिलं, पुस्तक घेतलं," आदिनाथ म्हणाला. "आता त्याला तुमच्याकडं काय म्हन्त्यात?"

बाहेर अजून ऊन होतं. कल्याणने पुस्तक मिटलं. परत ठेवायला हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. मग त्याने ते सदऱ्याच्या आत सरकवलं, चपला घातल्या, आणि गाडी मागे घेतली. रस्त्यावरून पाटी पुन्हा दिसू लागली.

दिवसाचा जमाखर्च आदिनाथनेच मांडला. डिझेल कल्याणचं, चहा कल्याणचा, सहा रुपये कल्याणचे, गाळाही कल्याणचाच गेला. लंकाबाईची तेवढी एक टाचणी खर्ची पडली असती. पण तीही तिने उचलली, पदराला टोचली, आणि पुढचं पुस्तक हातात घेतलं.