निनावी परीक्षक

"मी बसायला आलेली नाही, सर." प्रमोदिनीने पर्समधून दोन कागद काढले आणि श्यामकांत देवस्थळींच्या पुढ्यात आपटले.

दिल्लीत द्वारकेतल्या सोसायटीतला चौथा मजला. सर खुर्चीत शाल पांघरून बसले होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, उजवा हात अजून उचलता येत नव्हता. आजारी माणसावर ओरडावं लागणार, म्हणून प्रमोदिनीचा संताप आणखीच वाढला.

"नऊ वर्षांपूर्वीचा परीक्षकाचा अहवाल आहे. वाचा."

"माहीत आहे मला तो," सर म्हणाले.

एमएस्सीला सरांनीच तिला कृष्णविवरं शिकवली होती. पुढे तिने एका रेडिओ दीर्घिकेच्या तीन वर्षांच्या क्ष-किरण नोंदी तपासल्या. दीर्घिकेच्या मध्यावर कृष्णविवर असतं, त्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरते, क्ष-किरण तिथून येतात. ते एकाएकी मंदावले, की महिन्याभराने दीर्घिकेतून बाहेर पडणाऱ्या रेडिओ झोतात नवा तेजस्वी गोळा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे तबकडीची आतली कड कृष्णविवर गिळतं आणि मग झोत फेकतं. चार वेळा तसंच घडलं होतं.

तिने एका नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवला. निनावी परीक्षकाने तो मोडीत काढला. 'निव्वळ योगायोग.' त्यामुळे संशोधन संस्थेतली तिची नोकरी कायम झाली नाही. आता ती नोएडाच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना भिंगांचे नियम शिकवत होती. आणि गेल्या आठवड्यात एका परदेशी गटाचा निबंध छापून आला. तीच दीर्घिका, तोच निष्कर्ष.

"दुसऱ्या पानावरची आकडेमोड तुमच्या वर्गातल्या टिपणांतली आहे, सर. ती कुठेही छापलेली नाही. परीक्षक तुम्हीच होतात ना?"

सरांच्या पत्नी चंद्रप्रभाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. केंद्रातल्या एका मंत्रालयाच्या सांख्यिकी विभागातून त्या निवृत्त झाल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"हो. मीच."

"का?"

"चूक झाली."

"चूक? चूक मुलं परीक्षेत करतात! तुम्ही माझी नऊ वर्षं खाल्लीत. नीट वाचलात तरी का तो निबंध?"

सरांनी डाव्या हाताने शाल सावरली.

"बिल्कुल नाही वाचलात. मला वाटलं होतं, निदान भांडाल तरी. तुम्हाला गुरू म्हणत होते, याची लाज वाटते."

"बस झालं," काकू म्हणाल्या. "त्यांचं बीपी वाढेल. चल, मी येते खालपर्यंत."

खाली पार्किंगमध्ये प्रमोदिनीचा आवाज पुन्हा चढला.

"काकू, तुमच्यावर राग नाही माझा. पण या माणसाबरोबर तुम्ही इतकी वर्षं काढलीत कशी?"

"वर 'का' विचारलंस ना, ते त्यांना नाही, मला विचार," काकू म्हणाल्या. "निबंध त्यांनी वाचलाच नव्हता. त्यांच्याकडे येणारे निबंध मीच वाचायचे. ते फक्त सही करायचे."

"म्हणजे ती आकडेमोड..."

"माझी. टिपणंही माझीच. पंचवीस वर्षं ऑफिसातून आल्यावर ह्यांची सगळी गणितं मी केली. नाव कुठेच नाही. आणि तू एकटीने करून दाखवलंस, वर स्वतःचं नाव घालून."

"पण तुम्हाला खरंच तो योगायोग वाटला होता?" प्रमोदिनीने विचारलं. "कुठे चुकलं होतं माझं?"

"कुठेच नाही," काकू म्हणाल्या. "चुकलं असतं, तर मी ते छापू दिलं असतं."